प्रशिक्षक बदला, उतारा वाढवा!

भारतीय फुटबॉल संघ हरला की पंडितांचे निदान ठरलेले: प्रशिक्षक बदला. जून २०२४मध्ये इगोर स्टिमाच यांना काढले, तेव्हा इथल्या क्लब फुटबॉलची नस ओळखणारा माणूस हवा होता. मानोलो मार्केझ आले. आठ सामन्यांत एक विजय मिळवून वर्षभरात गेलेही. मात्र याच मार्केझ यांनी मे २०२५मध्ये एफसी गोवाला सुपर कप जिंकून दिला होता. म्हणजे मडगावातला हुशार माणूस देशाचा ट्रॅकसूट चढवताच अडाणी झाला म्हणायचे!

मग 'आपला माणूस' म्हणून ऑगस्टमध्ये खालिद जमील आले. सप्टेंबरमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून संघ काफा नेशन्स कपमध्ये तिसरा आला, बदल मानवला. ऑक्टोबरमध्ये फातोर्ड्यात सिंगापूरने २-१ असे हरवले, आशियाई चषकाची वाट बंद झाली. आता बदल बाधला.

प्रशिक्षक हटतो तो संघ तळाला गेल्यावर, आणि तळातून थोडे वर येणे बहुधा आपसूक घडते. डच लीगचा १९८६ ते २००४चा हिशेब मांडणाऱ्या बास तर वील या अर्थतज्ज्ञाला आढळले, की तशीच घसरण होऊनही ज्यांनी प्रशिक्षक कायम ठेवला, ते संघही तितकेच सावरले. 'वेळ द्या'वाल्यांचा तर्कही याच जातीचा, दुसरी बाजू न मोजणारा. १९८६मध्ये मँचेस्टर युनायटेडमध्ये आलेल्या अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांना तिथला पहिला चषक १९९०मध्ये मिळाला, हे सर्वांना पाठ; वेळ मिळूनही रिकाम्या हातांनी गेलेल्यांची यादी कोण ठेवतो?

अंकुशनगरच्या समर्थ साखर कारखान्याला ऊस घालणारा शेतकरी या पंडितांपेक्षा शहाणा. साखर शेतात तयार होते, कारखाना ती फक्त बाहेर काढतो, हे त्याला ठाऊक असते. नवा अधिकारी गाळपातली नासाडी कमी करील; कोवळ्या उसाचा उतारा तो कुठून वाढवणार?

फुटबॉलचे शेत म्हणजे लीग; जमील यांनी सूत्रे घेतली तेव्हा इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगामच व्यावसायिक हक्कांच्या कराराअभावी अडकला होता. खेळाडूंना सामनेच नव्हते, यावर मात्र स्टुडिओत फारसा आवाज चढला नाही. तेही बरोबरच, फुटबॉल महासंघ काही मैदानाच्या कडेला बाकावर बसलेला दिसत नाही, मग उठवायचे कुणाला?