पुन्हा कठड्यापाशी

मुंबईत लहानपणी चार-पाच वर्षे बॅले शिकलेली मुलगी विवाहानंतर बोईसर किंवा पालघरच्या बाजारपेठेत येते, तेव्हा तिचे नृत्याचे जोडे बहुधा माहेरच्या कपाटातच राहतात. पुढे दुकानाचे हिशेब, मुलांच्या शाळा, वडीलधाऱ्यांचे पथ्यपाणी. पस्तिशी उलटते आणि एके दिवशी स्वतःचीच मुलगी नृत्याच्या वर्गाला जाऊ लागते. तिला सोडायला गेलेल्या आईच्या टाचा दाराशी उभ्या-उभ्या नकळत जुळतात. मुलीची फी घरात कोणी विचारत नाही. आईने तोच विषय काढला, तर मात्र ‘या वयात?’ असा प्रश्न उमटतो, आणि पुष्कळदा तो सर्वप्रथम तिच्याच मनात उमटतो.

रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा जन्म १९०४ सालचा. अ‍ॅना पाव्हलोव्हा या जगप्रसिद्ध रशियन नर्तिकेशी त्यांचा परिचय झाला, तेव्हा त्या विवाहित होत्या. पाव्हलोव्हाच्या संचातील क्लिओ नॉर्डी यांच्याकडे त्यांनी बॅलेचे पाठ घेतले. आपल्या देशाच्या नृत्याकडे वळण्याची सूचनाही पाव्हलोव्हानेच केली. पुढे गुरूंकडे शिकून १९३५ साली अड्यार येथे त्यांनी आपले नृत्य लोकांसमोर सादर केले, तेव्हा त्यांचे वय ३१ होते. पुढच्याच वर्षी कलाक्षेत्र उभे राहिले. याच रुक्मिणीदेवींनी राज्यसभेत मुक्या जीवांवरील क्रूरतेविरुद्ध विधेयक मांडले आणि त्या प्रयत्नांतून १९६० चा कायदा आला, हे आपल्या घरांत फारसे कोणी सांगत नाही.

हा धागा जोड्यांपर्यंत येतो. बॅलेचे मऊ जोडे कातड्याचे असतात तसे कापडाचेही मिळतात, पण कापडी जोड्याच्या तळाला पुष्कळदा कातड्याचाच तुकडा असतो. त्यामुळे विकत घेण्यापूर्वी स्पष्ट विचारावे. पायाच्या टोकावर उभे राहण्याच्या साटिनच्या जोड्यांचा तळही बहुधा कातड्याचा असतो; मात्र परतणाऱ्या स्त्रीला त्यांची गरज दीर्घकाळ पडत नाही.

परतणाऱ्या स्त्रीची खरी अडचण तिची स्मृती हीच असते. मन जुन्या उड्या विसरलेले नसते. टाचेमागची शीर मात्र इतक्या वर्षांत आखडलेली असते. नवशिकी भीतभीत पाऊल टाकते, जुनी विद्यार्थिनी सवयीने टाकते आणि दुखावते. पावले बाहेर वळवायची ती खुब्यापासून. खुब्यातून वळण न साधता नुसती पावले फिरवली, तर सारा पीळ गुडघ्यावर येतो. म्हणून पहिले काही महिने ‘बार’पाशीच काढावेत. शब्द ऐकून सासऱ्यांनी दचकू नये. बार म्हणजे भिंतीलगतचा, कमरेच्या उंचीचा कठडा. घरी स्वयंपाकाच्या ओट्याची कडही त्या कामी येते. एक हात ओट्यावर ठेवून सावकाश गुडघे वाकवणे, मग पाऊल जमिनीवरून सरकवत ताणणे, एवढेच रोज दहा-पंधरा मिनिटे. संगमरवरी किंवा लादीच्या जमिनीवर उड्या मारू नयेत, कारण वर्गातील लवचिक लाकडी जमीन जो धक्का झेलते, तो येथे सांध्यांना झेलावा लागतो. अठ्ठाईसारख्या तपात तर कठड्यालाही विश्रांती द्यावी.

राहिला वर्गाचा प्रश्न. मुंबईत तुषना डलास यांनी १९६६ साली बॅलेची शाळा सुरू केली; अलीकडे प्रौढांसाठीही तेथे निरनिराळ्या ठिकाणी वर्ग चालतात. विरारपुढे डहाणूपर्यंत लोकल २०१३ पासून धावू लागली, तरी बोईसरहून दक्षिण मुंबई गाठायला दोन तासांहून अधिक वेळ जातो. संध्याकाळचा वर्ग घेतला, तर चौविहार गाडीतच उरकावा लागतो, तोही डब्यात बसायला जागा मिळाली तर. त्यामुळे सोयीचा ठरतो तो रविवारचा सकाळचा वर्ग. मात्र रविवारीही दुकान उघडे असते, आणि त्या सकाळी गल्ल्यावर कोण बसणार, हे तिला शनिवारी रात्रीच घरात विचारावे लागते.