फाटकावरून परत फिरू नका

दिल्ली पाहून आलेल्या कुणालाही विचारा, राष्ट्रपती भवन पाहिलंत का? बहुतेक जण हो म्हणतात. आत गेला होतात का, असं विचारलं की उत्तर येतं, "नाही हो, बसमधून दाखवलं. खाली उतरून लांबून फोटो काढला."

दहा वर्षांपूर्वी मीही ते असंच पाहिलं. सहलीची बस विजय चौकात जेमतेम दहा मिनिटं थांबली. आई बरोबर होती. चढावरच्या त्या घुमटाकडे बघत ती म्हणाली, "आपल्याला आत सोडत नाहीत का रे?" मी चौकशी न करताच सांगून टाकलं, "नाही गं, तिथे मोठ्या लोकांनाच सोडतात." माझं उत्तर चुकीचं होतं. नोंदणी केली असती तर आम्हाला आत जाता आलं असतं. ते मला कळलं तेव्हा आईला प्रवास झेपेनासा झाला होता. तुमच्या घरी असं होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

तर पहिली गोष्ट, राष्ट्रपती भवन सामान्य माणसासाठी खुलं आहे. त्यासाठी खासदाराची चिठ्ठी लागत नाही, की मंत्रालयात ओळख लागत नाही. राष्ट्रपती भवनाच्या अधिकृत संकेतस्थळावर आपण स्वतः नोंदणी करायची. मुख्य इमारतीच्या फेरीसाठी माणशी साधारण ५० रुपये शुल्क असतं. दिल्लीत एका वेळच्या चहा-नाश्त्याला याहून जास्त पैसे जातात. शुल्क आणि वेळा अधूनमधून बदलतात, म्हणून नोंदणीच्या दिवशी तिथे दिसेल तेच खरं धरा.

तिथे तीन वेगवेगळ्या फेऱ्या आहेत आणि लोकांचा गोंधळ इथेच होतो. एक मुख्य इमारतीची, दुसरी संग्रहालयाची आणि तिसरी बागेची. पूर्वीचं मुघल गार्डन, म्हणजे २०२३ पासूनचं अमृत उद्यान, मुख्यतः फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास फुलांच्या दिवसांत खुलं होतं आणि तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. संग्रहालय पूर्वीच्या तबेल्यांच्या आणि मोटारखान्याच्या जागेत आहे. राष्ट्रपतींना मिळालेल्या भेटवस्तू तिथे पाहायला मिळतात. बागेची नोंदणी करून 'आता दरबार हॉल दाखवा' म्हटलं तर कुणी दाखवणार नाही. काय पाहायचं ते घरीच ठरवा. एकच निवडायची असेल तर मुख्य इमारत निवडा.

आता क्रम सांगतो, कारण सगळं क्रमावर अवलंबून आहे. आपण आधी रेल्वेचं तिकीट काढतो, मग हॉटेल बघतो आणि राष्ट्रपती भवनाची आठवण दिल्लीत उतरल्यावर येते. तोवर जागा भरलेल्या असतात. प्रत्येक वेळेला ठरावीक माणसांनाच सोडतात. म्हणून आधी तिथे कोणत्या तारखा मोकळ्या आहेत ते बघा, मग तिकीट काढा. सोमवार टाळा. प्रजासत्ताक दिनाच्या आसपासचे दिवसही टाळा. परदेशी पाहुणे आले किंवा सरकारी समारंभ ठरला तर फेऱ्या बंद राहू शकतात. त्यामुळे ही भेट दिल्लीतल्या शेवटच्या दिवसावर ढकलू नका, पुढे एखादा दिवस हाताशी ठेवा.

फॉर्म भरताना प्रत्येकाचं नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा. घरी आपण 'बाळासाहेब' म्हणतो आणि आधारवर 'दत्तात्रय' असतं, तेव्हा दत्तात्रयच लिहायचं. नोंदणीची पावती छापून घ्या. निघताना प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र सोबत घ्या, झेरॉक्सवर विसंबू नका. आमच्या दुसऱ्या खेपेला एका काकांचं मूळ कार्ड हॉटेलवर राहिलं. ते आणेपर्यंत वेळ टळली आणि काका बाहेरच राहिले. परदेशी नागरिकत्व घेतलेला मुलगा किंवा सून बरोबर असेल तर त्यांचा मूळ पासपोर्ट हवा.

पावतीवर गेटचा क्रमांक असतो. समोरचं भव्य फाटक म्हणजेच आपला रस्ता, असं धरून चालू नका. आवार ३३० एकरांचं आहे. चुकीच्या गेटवर गेलात तर योग्य गेट गाठेपर्यंत म्हातारी माणसं थकून जातात. रिक्षावाल्याला तोच क्रमांक सांगा आणि वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचा. मोठ्या बॅगा, डबे, कॅमेरे हॉटेलवरच ठेवा. मुख्य इमारतीत फोटो काढता येत नाहीत, मोबाइल जमा करावा लागतो. याची खंत करू नका. फोन हातात नसला की माणूस वर छताकडे बघतो, आणि तिथली छतं बघण्यासारखी आहेत. घरात कुणाला चालायला त्रास होत असेल तर व्हीलचेअरची चौकशी नोंदणी करतानाच करा.

एक सावधगिरीही सांगतो. 'आम्ही पास काढून देतो' म्हणत जास्त पैसे मागणारी माणसं भेटतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणा. पैसे भरण्यापूर्वी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना, ते पाहा. स्वतःला जमत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. १९११ साली इंग्रजांनी राजधानी दिल्लीला हलवायचं ठरवलं. रायसीना आणि मालचा गावांच्या जमिनी घेतल्या. एडविन लट्यन्सने आराखडा केला आणि टेकडीवर ३४० खोल्यांचा वाडा उभा राहिला. हे राज्य कायमचं आहे असं बघणाऱ्याला वाटावं, म्हणून तो एवढा भव्य बांधला. १९३१ साली लॉर्ड आयर्विन तिथे राहायला आला. त्यानंतर अवघ्या सोळा वर्षांत, १५ ऑगस्ट १९४७ रोजी, त्याच घुमटाखाली नेहरूंनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. २६ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद तिथेच पहिले राष्ट्रपती झाले. व्हाइसरॉयची सिंहासनं जिथे होती तिथे आज गुप्तकाळातली बुद्धमूर्ती उभी आहे. राजाजी १९४८ साली गव्हर्नर जनरल म्हणून आले तेव्हा त्यांना व्हाइसरॉयच्या खोल्या फार मोठ्या वाटल्या. ते पाहुण्यांच्या बाजूच्या साध्या खोल्यांत राहिले. पुढच्या राष्ट्रपतींनी तीच रीत चालवली.

जुना दरबार हॉल आता गणतंत्र मंडप झाला आहे. त्यात उभं राहिल्यावर मला आपली माणसं आठवली. आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ या घरात राष्ट्रपती म्हणून राहिल्या. २०२१ च्या नोव्हेंबरात अनाथांच्या माई सिंधुताई सपकाळ आणि अकोले तालुक्यातल्या बीजमाता राहीबाई पोपेरे यांनी राष्ट्रपती भवनातच पद्मश्री स्वीकारली. एकीने रस्त्यावरची लेकरं सांभाळली, दुसरीने गावठी बियाणं जपलं. मी आईला सांगितलं होतं की तिथे मोठ्या लोकांनाच सोडतात. मोठी माणसं कोण, तेच मला तेव्हा कळलं नव्हतं.

शाळांनाही माझी विनंती आहे. दिल्लीची सहल काढाल तेव्हा लाल किल्ला, कुतुबमिनार यांच्या आधी या नोंदणीचं बघा. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मुलं राष्ट्रपतींचे अधिकार पाठ करतात. ते अधिकार जिथून चालतात ती जागा एकदा डोळ्यांनी पाहिली की धडा वेगळा पाठ करावा लागत नाही. ज्यांना दिल्ली लांब पडते, विशेषतः मराठवाड्यातल्या लोकांना, त्यांच्यासाठी सिकंदराबादजवळ बोलारमचं राष्ट्रपती निलयम २०२३ पासून जवळपास वर्षभर खुलं असतं.

राष्ट्रपती भवन आपल्या पैशावर चालतं आणि ते आपलं आहे. तेव्हा पुढच्या दिल्लीवारीचं ठरलं की तिकीट काढण्याआधी तारीख बघा, नोंदणी स्वतः करा, मूळ ओळखपत्र खिशात ठेवा. आणि घरातलं सगळ्यांत वयस्कर माणूस बरोबर न्या. त्यांना चालवतंय तोवरच न्या.