जड विद्युत मालट्रकांची व्यवहार्यता

जड विद्युत मालट्रक म्हणजे डिझेल इंजिनाऐवजी बॅटरी आणि विद्युत मोटार यांवर चालणारे, वाहन व माल मिळून १२ टनांहून अधिक वजनाचे मालवाहू वाहन. महाराष्ट्रात अशी वाहने प्रथम बंदराच्या आवारात आणि मुंबई-पुणे मार्गावर दिसू लागली आहेत. ऊस, साखर, कांदा व फळे यांची मोठी वाहतूक असलेल्या राहात्यासारख्या (जि. अहिल्यानगर) तालुक्यात ती परवडतील का, हा प्रश्न बॅटरीच्या क्षमतेपेक्षा वाहनाच्या दिनक्रमाशी अधिक निगडित आहे.

== महाराष्ट्रातील आरंभ ==

उरण तालुक्यातील जवाहरलाल नेहरू बंदरात सप्टेंबर २०२५ मध्ये बॅटरी बदलता येणाऱ्या ५० जड विद्युत ट्रकांचा ताफा सुरू करण्यात आला. बंदराच्या अंतर्गत वाहतुकीतील सुमारे ६०० ट्रकांपैकी ९० टक्के ट्रक डिसेंबर २०२६ पर्यंत विजेवर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. पुढच्याच महिन्यात चाकण येथील ब्लू एनर्जी मोटर्सच्या, याच पद्धतीच्या ट्रकाचे अनावरण मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. रिकामी बॅटरी उतरवून भरलेली चढविण्यास काही मिनिटेच लागत असल्याने वाहन चार्जिंगसाठी तासन्‌तास अडकून पडत नाही.

बंदराची निवड सोयीची होती. तेथे ट्रक ठरलेल्या वाटेने दिवसरात्र फिरतो आणि पुन्हा त्याच जागी परततो. अमेरिकेत २०१७ साली सादर झालेल्या टेस्ला सेमी या ट्रकाची पहिली वाहने ग्राहकाला डिसेंबर २०२२ मध्ये मिळाली. तो ग्राहकही पेप्सिको, म्हणजे स्वतःची गोदामे व ठरलेले मार्ग असलेली कंपनीच होती.

== राहाता परिसरातील वाहतूक ==

राहाता हे नगर-मनमाड महामार्गावरील गाव. आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून ओळखला जाणारा प्रवरा कारखाना याच तालुक्यात, लोणीजवळ प्रवरानगर येथे आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये आमणेपर्यंतचा संपूर्ण ७०१ किलोमीटरांचा मार्ग पूर्ण झाला. त्यामुळे शिर्डीच्या टोकापासून आमणे १८१ किलोमीटरांवर आले. तेथून पुढे न्हावा शेवा गाठावयाचे, तर राहात्यापासूनचे एकूण अंतर अडीचशे किलोमीटरांच्या पुढे जाते.

या वाटेचा एक गुण सहसा ध्यानात घेतला जात नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवरून, इगतपुरीची चढण सोडल्यास, भरलेली गाडी खालीच उतरत जाते. उतरणीवर विद्युत मोटार जनित्राप्रमाणे काम करून बॅटरीला काही वीज परत देते. डिझेल ट्रकात तीच शक्ती ब्रेक तापविण्यात वाया जाते. अर्थात परतताना चढ लागतो, आणि तेव्हा गाडीत काय भरले आहे यावर सारे अवलंबून असते.

उसाची गोष्ट निराळी. शेत ते कारखाना हे अंतर थोडे, वाहन रोज त्याच काट्यावर येणारे, आणि अनेक कारखान्यांत चिपाडापासून वीजही तयार होते. त्यामुळे ऊसवाहतूक हेच विद्युत ट्रकाचे पहिले क्षेत्र असावे, असे सकृद्दर्शनी वाटते. हिशेब मात्र वेगळे सांगतो.

== खर्चाचा हिशेब ==

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. जड डिझेल ट्रक लिटरला साडेतीन किलोमीटर चालतो आणि डिझेल ९० रुपये लिटर आहे असे धरल्यास, इंधनाचा खर्च किलोमीटरला सुमारे २६ रुपये येतो. विद्युत ट्रकास किलोमीटरला १.४ युनिट लागतात आणि युनिट १० रुपयांस मिळते असे धरल्यास १४ रुपये. बचत १२ रुपयांची. विद्युत ट्रकाची किंमत मात्र डिझेल ट्रकाच्या दुप्पट वा त्याहूनही अधिक असते. अनुदान वजा जाता फरक ६० लाखांचा मानला, तर तो भरून निघण्यास ५ लाख किलोमीटर धावावे लागते. कर्जाचे व्याज यात धरलेलेच नाही.

रोज ३०० किलोमीटरप्रमाणे वर्षाचे ३०० दिवस चालणारा ट्रक हे अंतर साडेपाच वर्षांत कापतो. पाच महिन्यांच्या गळीत हंगामात रोज १२० किलोमीटर धावणाऱ्या उसाच्या ट्रकास मात्र त्यासाठी २७ वर्षांहून अधिक काळ लागेल. जवळचे अंतर बॅटरीला सोयीचे, पण कर्जाच्या हप्त्याला तेच मारक.

वजनाचाही प्रश्न आहे. ३०० युनिट क्षमतेची बॅटरी सुमारे दोन टनांची असते. देशात जोडट्रकाच्या एकूण वजनाची कमाल मर्यादा ५५ टन असल्याने बॅटरीचा भार काही अंशी मालातूनच वजा होतो. टनावर भाडे घेणाऱ्याला हे प्रत्येक खेपेस जाणवते.

== शासकीय धोरण व छोटे मालक ==

केंद्राच्या १०,९०० कोटी रुपयांच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत विद्युत ट्रकांसाठी ५०० कोटी राखून ठेवले आहेत. जुलै २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सुमारे ५,६०० ट्रकांना, प्रत्येकी कमाल ९.६ लाख रुपये मिळू शकतात. त्यासाठी जुने वाहन भंगारात काढल्याचे प्रमाणपत्र आवश्यक आहे. बॅटरीची हमी पाच वर्षे किंवा ५ लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत असते. वरील उदाहरणात फरक वसूल होईपर्यंत ही हमी संपलेली असते. नव्या बॅटरीचा खर्च त्यानंतर मालकाच्या माथी.

महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणाने समृद्धी महामार्गावर विद्युत मोटारी व बसगाड्यांना पथकरमाफी दिली. मालवाहू वाहनांना ती मिळाली नाही. ज्या वाहनास दर किलोमीटरच्या बचतीवरच कर्ज फेडावयाचे आहे, नेमके तेच वगळले जावे, हे विसंगत दिसते.

देशातील बहुसंख्य ट्रकमालकांकडे पाचांहून कमी गाड्या आहेत. अशा मालकाचा ट्रक हंगामात ऊस वाहतो, पुढे कांदा वा सिमेंट भरतो, आणि मुंबईत माल उतरविल्यावर परतीचे भाडे जिकडचे मिळेल तिकडे, मग ते सुरत असो की हैदराबाद, निघतो. त्या वाटेवर बॅटरी बदलण्याचे केंद्र असेल याची शाश्वती नसते. वर्षभराचा करार हाती असलेल्या मोठ्या कंपनीस ही अडचण येत नाही. बंदरे आणि कारखाने उद्या केवळ विद्युत ट्रकांनाच कंत्राटे देऊ लागले, तर एक-दोन गाड्यांच्या मालकापुढे प्रश्न वाहन बदलण्याचा नसून धंद्यात टिकण्याचा असेल. बाभळेश्वर येथे ४०० केव्ही क्षमतेचे वीज उपकेंद्र असल्याने या तालुक्यात जड वाहनांसाठी सामाईक केंद्र उभारणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. साखर कारखाना वा वाहतूक सहकारी संस्थेने बॅटऱ्या स्वतःच्या मालकीच्या ठेवून त्या भाड्याने दिल्यास छोट्या मालकाची आरंभीची गुंतवणूक बरीच घटेल, कारण वाहनाच्या किमतीचा सर्वांत मोठा वाटा बॅटरीचाच असतो.