नियमन नव्हे, भागीदारी!

५ जून २०१८ रोजी अमेरिकेतील डेलावेअर राज्याचे गव्हर्नर जॉन कार्नी यांनी खिशातून दहा डॉलर काढून फिलाडेल्फियाच्या बेसबॉल संघावर पैज लावली. नऊ दिवसांनी शेजारच्या न्यू जर्सीत गव्हर्नर फिल मर्फी यांनी मॉन्मथ पार्क येथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर जाऊन हाच विधी पार पाडला. जर्मनी फुटबॉलचा विश्वचषक जिंकणार, अशी त्यांची पैज होती. जर्मनी त्या वर्षी पहिल्याच फेरीत गारद झाली. मर्फीसाहेबांचे पैसे बुडाले. पण त्यांनी दुःख करण्याचे कारण नव्हते. ते पैसे ज्या गल्ल्यात गेले, त्या गल्ल्यात त्यांच्याच सरकारचा वाटा होता!

धरणाचे, पुलाचे, इस्पितळाचे उद्घाटन करणारे राज्यकर्ते आपण पाहिले आहेत. सट्ट्याच्या खिडकीचे उद्घाटन करणारे राज्यकर्ते अमेरिकेने जगाला दाखविले. या प्रकाराला तिकडे 'रेग्युलेशन', म्हणजे नियमन असे भारदस्त नाव आहे. हा शब्द आता आपल्याकडेही वारंवार कानी पडतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला, त्याला न्यायालयात आव्हान देण्यात आले, आणि तेव्हापासून 'बंदी कशाला, अमेरिकेसारखे नियमन करा' असा सल्ला देणाऱ्या शहाण्यांची वाण पडलेली नाही. तेव्हा हे अमेरिकी नियमन मुळात काय चीज आहे, ते एकदा डोळसपणे पाहिले पाहिजे.

या कथेच्या आरंभी एक सज्जन खेळाडू आहे. बिल ब्रॅडली हे न्यूयॉर्क निक्स संघाकडून बास्केटबॉल खेळलेले, पुढे न्यू जर्सीचे सिनेटर झालेले गृहस्थ. खेळ आणि सट्टा एकत्र आले की खेळ उरत नाही, हे मैदानावरच्या माणसाला सांगावे लागत नाही. १९१९ च्या बेसबॉल विश्वमालिकेत शिकागोच्या खेळाडूंनी पैसे घेऊन सामने हरल्याचा डाग अमेरिका शंभर वर्षांनंतरही विसरलेली नाही. ब्रॅडली यांच्या पुढाकाराने १९९२ मध्ये संघराज्याचा कायदा झाला आणि राज्यांना खेळांवरील सट्टा अधिकृत करण्यास मनाई करण्यात आली. जेथे तो आधीपासून कोणत्या ना कोणत्या स्वरूपात होता, त्या नेवाडा, डेलावेअर, ओरेगॉन आणि माँटाना या चार राज्यांना सवलत मिळाली. अटलांटिक सिटीचे कॅसिनो असलेल्या न्यू जर्सीलाही एका वर्षाची मुदत होती. तिने ती वापरली नाही.

पुढे मात्र अटलांटिक सिटीचे दिवस फिरले. एकट्या २०१४ साली तेथील चार कॅसिनो बंद पडले. तिजोरी आटू लागली तशी न्यू जर्सीची नीतिकल्पनाही पातळ होऊ लागली. २०११ मध्येच तेथे सार्वमत घेऊन सट्ट्याला कौल मिळविण्यात आला होता. मग वर्षानुवर्षे खटला चालला आणि १४ मे २०१८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रॅडली यांचा कायदा मोडीत काढला. ज्या राज्याच्या सिनेटरने कुंपण घातले, त्याच राज्याने ते उपटले.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे, कारण आपल्याकडे ती सोयीस्करपणे गाळली जाते. सट्टा चांगला की वाईट, यावर न्यायालयाने मत दिलेले नाही. राज्यांच्या विधिमंडळांनी कोणता कायदा करावा वा करू नये, असा हुकूम संघराज्य सरकार सोडू शकत नाही, एवढाच न्यायमूर्ती अलिटो यांच्या निकालाचा आशय होता. काँग्रेसला हवे असेल तर तिने स्वतः सट्ट्याचे नियमन करावे, हेही त्यात स्पष्ट आहे. काँग्रेसने ते केले नाही. आणि राज्ये मोकळी सुटली.

सुटली म्हणजे किती? १ डिसेंबर २०२५ रोजी मिसुरीत सट्टा सुरू झाला, तेव्हा अधिकृत सट्ट्याच्या राज्यांची संख्या ३९ झाली. राजधानी वॉशिंग्टन वेगळीच. मिसुरीत लाखो मतदारांनी मतदान केले आणि निकाल लागला तो तीन हजारांहून कमी मतांच्या फरकाने. एवढ्या काठावरच्या कौलावर एका राज्याने आपल्या तरुणांच्या हाती सट्टा ठेवला.

हाती म्हणजे अक्षरशः हाती. सट्टा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अड्डा येतो. अमेरिकेत आता नव्वद टक्क्यांहून अधिक सट्टा मोबाइल फोनवर खेळला जातो. राज्याची सीमा ओलांडली की फोन ते ओळखतो आणि त्या राज्याचा कायदा लागू होतो. न्यूयॉर्कमध्ये फोनवरचा सट्टा अधिकृत नव्हता, त्या काळात तेथील शौकीन जॉर्ज वॉशिंग्टन पुलावरून सायकल हाणत न्यू जर्सीच्या हद्दीत जात, तेथेच उभ्या उभ्या पैज लावत आणि माघारी फिरत. या दृश्यापासून न्यूयॉर्कच्या पुढाऱ्यांनी काय बोध घ्यावा? आपली माणसे व्यसनाच्या इतकी आहारी गेली, हा? छे! आपला महसूल पुलापलीकडे चालला, हा! जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्कने फोनवरचा सट्टा खुला केला आणि कंपन्यांच्या उत्पन्नावर ५१ टक्के कर बसविला.

या करांची तऱ्हा पाहिली म्हणजे नियमनाचा खरा चेहरा दिसू लागतो. नेवाडा आणि आयोवात पावणेसात टक्के, न्यूयॉर्क, न्यू हॅम्पशायर आणि ऱ्होड आयलंड येथे ५१ टक्के. ओहायोने २०२३ च्या जानेवारीत दहा टक्क्यांनी आरंभ केला आणि सहा महिन्यांत दर दुप्पट केला. एकाच राष्ट्रात एकाच कृत्यावर इतके भिन्न दर का? कारण त्यांमागे कोणतेही तत्त्व नाही. कोणत्या तिजोरीला किती खड्डा आहे, एवढाच त्यांचा आधार. आणि हा कर कशावर, तर कंपनीच्या 'उत्पन्ना'वर. हे उत्पन्न म्हणजे लोकांनी लावलेल्या रकमेतून जिंकणाऱ्यांना दिलेले पैसे वजा जाता जे उरते ते. साध्या मराठीत सांगायचे तर लोक जितके हरले, तितके उत्पन्न! या उद्योगाच्याच संघटनेच्या आकड्यांनुसार २०२४ मध्ये अमेरिकनांनी अधिकृत सट्ट्यात पंधरा हजार कोटी डॉलरच्या घरात रक्कम लावली आणि कंपन्यांचे उत्पन्न सुमारे १,३७० कोटी डॉलर झाले. तेवढे अमेरिकी कुटुंबांतून गेले. नागरिक हरला तरच सरकारच्या पदरी काही पडणार, अशी ही रचना आहे. ज्याला नागरिकाच्या हरण्यात रस, तो त्याचा रक्षक कसा होणार?

टेनेसीने तर लाजच सोडली होती. लावलेल्या रकमेपैकी किमान दहा टक्के कंपन्यांनी स्वतःकडे ठेवलेच पाहिजेत, त्याहून अधिक लोकांना परत देता कामा नये, असा नियम तेथे २०२३ पर्यंत होता. लोकांनी किती हरावे याचा किमान कोटा ठरवणारे सरकार! २०२३ मध्ये तो रद्द करून लावलेल्या एकूण रकमेवरच कर बसविण्यात आला. म्हणजे आता कोणीही हरो वा जिंको, सरकारचे ठरलेले. इलिनॉयने जुलै २०२५ पासून दर पैजेमागे कर लावला: कंपनीच्या पहिल्या दोन कोटी पैजांवर प्रत्येकी पंचवीस सेंट आणि त्यापुढे पन्नास सेंट. मोठ्या कंपन्यांनी तो सरळ ग्राहकाच्या माथी मारला. दोन-पाच डॉलर लावणारा सामान्य माणूसच त्यात सर्वाधिक भरडला जाणार, हे सांगायला अर्थशास्त्री नको.

कायद्याशी जी कसरत केली गेली, ती तर आपल्या जुन्या पेठांतील दलालांनाही सुचली नसती. न्यूयॉर्कच्या राज्यघटनेनुसार असा जुगार केवळ परवानाधारक कॅसिनोत चालू शकतो. मग घरी बिछान्यात पडून फोनवर लावलेली पैज वैध कशी? उत्तर असे, की पैज नोंदवणारा संगणक कॅसिनोच्या आवारात ठेवला आहे. तेव्हा माणूस बिछान्यात असला तरी पैज कॅसिनोतच लागली! फ्लोरिडात २०१८ साली मतदारांनी घटनादुरुस्ती करून कॅसिनो-जुगाराच्या विस्ताराचा अधिकार स्वतःकडे घेतला होता. २०२१ मध्ये सरकारने सेमिनोल या मूलनिवासी जमातीशी करार केला. संगणक जमातीच्या भूमीवर, म्हणून मायामीतून लावलेली पैजही जमातीच्या भूमीवरच लागली असे समजायचे. राज्याला पहिल्या पाच वर्षांत किमान अडीचशे कोटी डॉलरची हमी मिळाली. मतदारांना पुन्हा विचारण्याची गरज कोणाला भासली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जून २०२४ मध्ये न्यायालयाने ते ऐकण्यास नकार दिला.

आणि तरीही, यांना पाप कळत नाही असे मुळीच नाही. न्यू जर्सीत आपल्याच राज्यातील महाविद्यालयीन संघांवर पैज लावण्यास मनाई आहे. ही मनाई उठवावी का, असे २०२१ मध्ये मतदारांना विचारले असता त्यांनी 'नाही' म्हटले. आपल्या रटगर्स विद्यापीठाच्या पोरांना सट्ट्याची झळ लागू नये, ही भावना योग्यच. परंतु टेक्सासच्या वा ओहायोच्या पोरांवर खुशाल लावा! शेजाऱ्याच्या लेकराला लागलेली आग ही आग नव्हेच काय?

नियमनवाद्यांचा एक युक्तिवाद मात्र दुर्लक्षिण्याजोगा नाही. ते म्हणतात, सट्टा चोरून चालतोच. उघड केला तर निदान नजरेखाली राहतो. उदाहरण देतात टोरंटो रॅप्टर्सच्या जोंटे पोर्टरचे. आजारपण सांगून सामना अर्धवट सोडणाऱ्या या बास्केटबॉलपटूच्या कामगिरीवर लागलेल्या मोठ्या पैजा अधिकृत कंपनीलाच संशयास्पद वाटल्या, आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याच्यावर आजीव बंदी आली. उलट, बेसबॉलपटू शोहेई ओहतानीच्या दुभाष्याने मालकाचे सुमारे एक कोटी सत्तर लाख डॉलर चोरून ज्या बुकीकडे उधळले, तो बुकी बेकायदा होता आणि ते घडले सट्टा अधिकृत नसलेल्या कॅलिफोर्नियात. हे सारे खरे आहे. पण पोर्टरवर लागलेल्या पैजा कोणत्या होत्या? संघ हरेल की जिंकेल याच्या नव्हेत. एक खेळाडू एका सामन्यात अमुक इतक्या गुणांच्या वर जाईल की खाली राहील, याच्या. एकट्या दुय्यम खेळाडूला फोडून जिंकता येईल अशी ही पैज अधिकृत कंपन्यांनीच लाखो फोनांवर मांडून ठेवली होती. चोर सापडला, हे ठीक. दार कोणी उघडे ठेवले होते? मार्च २०२४ मध्ये महाविद्यालयीन क्रीडासंघटनेचे अध्यक्ष चार्ली बेकर यांना राज्यांकडे याचना करावी लागली, की निदान विद्यार्थी खेळाडूंवरच्या अशा पैजा तरी थांबवा. ओहायो, मेरीलँड, व्हर्मांट, लुइझियाना यांनी ऐकले. अनेकांनी ऐकले नाही.

आणि नजर ठेवायची ती कोणावर, हेही पाहा. सतत जिंकणाऱ्या ग्राहकाची पैज कंपन्या काही डॉलरांवर आणून ठेवतात. सतत हरणाऱ्याला मात्र भेटी आणि सवलती पाठवतात. मॅसॅच्युसेट्सच्या नियामक मंडळाने मे २०२४ मध्ये यावर जाहीर चर्चा ठेवली, तेव्हा बहुतेक कंपन्यांनी तिकडे पाठ फिरवली. ज्याच्या घरी जेवायचे, त्याच्यावर डोळे वटारणार कोण? कॅलिफोर्नियातील विद्यापीठांच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये दाखवून दिले, की सट्टा ऑनलाईन खुला झालेल्या राज्यांत दिवाळखोरीची आणि थकलेल्या कर्जांची प्रकरणे वाढली. प्रत्येक पैजेवर पाव टक्का कर घेणाऱ्या वॉशिंग्टनच्या सरकारकडे जुगाराच्या व्यसनावरील उपचारांसाठी स्वतंत्र निधी मात्र नाही. जाहिरातींच्या खाली बारीक अक्षरांत एक मदतीचा दूरध्वनी क्रमांक असतो, इतकेच.

आता तर राज्यांच्या या तुटपुंज्या कुंपणालाही खिंडार पडले आहे. २०२५ च्या आरंभापासून कॅल्शीसारख्या कंपन्या सामन्याच्या निकालावरील पैजेला 'करार' म्हणतात, वायद्यांवर देखरेख करणाऱ्या संघराज्याच्या आयोगाचा हवाला देतात आणि सट्टा निषिद्ध असलेल्या युटातही तो विकतात. नेवाडा, न्यू जर्सी यांनी त्यांना नोटिसा धाडल्या आणि प्रकरणे न्यायालयांत गेली. आपल्या हद्दीतील सट्टा हा आपला अधिकार, असे सांगून २०१८ चा खटला जिंकलेली न्यू जर्सीच आता त्या अधिकारासाठी कंठशोष करीत आहे.

आमच्याकडचे काही विद्वान येथे कौटिल्याला साक्षीस बोलावतील. अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष आहे, तो फासे पुरवतो आणि शेकडा पाच घेतो, हे खरे आहे. पण तो घेतो जिंकणाऱ्याकडून. द्यूत एकाच ठिकाणी चालावे, अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड व्हावा, असे कौटिल्य सांगतो. आणि कारण देतो ते हे, की चोरटी उपजीविका करणारे लोक त्यामुळे ओळखता यावेत. अमेरिकेने फासे घरोघर, बिछान्याबिछान्यात नेऊन दिले आणि वाटा हरणाऱ्यांच्या पैशांतून घेतला. या दोहोंना एकच नाव देणाऱ्याने एक तर कौटिल्य वाचलेला नाही, किंवा अमेरिका पाहिलेली नाही.

आपल्या देशात जुगार हा घटनेच्या राज्यसूचीतील विषय आहे, म्हणजे अमेरिकेसारखी राज्याराज्यांतील चढाओढ येथेही सहज जुंपू शकते. जुलै २०१८ मध्ये, अमेरिकी निकालानंतर अवघ्या दोन महिन्यांत, आपल्या विधी आयोगाने २७६ व्या अहवालात 'बंदी राबवता येत नसेल तर नियमन करा' असे सुचविलेच होते. ऑक्टोबर २०२३ पासून आपणही ऑनलाईन पैसे लावण्यावर २८ टक्के वस्तू व सेवा कर घेऊ लागलो होतो. २०२५ च्या कायद्याने ते उत्पन्न सोडले, हे त्याचे मोल. महाराष्ट्राने १९७६ चा कधीही अंमलात न आलेला कॅसिनो कायदा २०२३ मध्ये रद्द करून टाकला, तेही योग्यच झाले.

पण गोव्याचे काय? मांडवीच्या पात्रात कॅसिनोंची जहाजे उभी आहेत. ती हलवू, असे विरोधात असताना प्रत्येकाने सांगितले आणि सत्तेवर येताच प्रत्येकाने मुदतवाढ दिली. यात आपले म्हणवणारेही आले, हे लिहिताना संकोच वाटतो. पण न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. पणजीच्या धक्क्यावर संध्याकाळी उभे राहून त्या दिव्यांकडे पाहिले, की न्यू जर्सी फार दूर वाटत नाही.