तापाचा खाडा

२०२२ च्या गुढीपाडव्याला शेडच्या दाराशी गुढी उभारली, मशिनला हार घातला आणि दोन वर्षांनी प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवला. त्याच दिवसापासून राज्यातले कोरोनाचे निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला. आमच्या पोरांनी तो हनुवटीवर आणून आधीच ऐच्छिक केला होता, ते सोडा.

माझं भोसरी एमआयडीसीत प्रोफाईल कटिंगचं वर्कशॉप आहे, अकरा माणसांचं. ऑक्सिजन नसेल तर आमच्याकडे प्लेट कापली जात नाही. एप्रिल २०२१ मध्ये कारखान्यांचा ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळवला. २२ तारखेपासून तर मोजके उद्योग सोडून सगळ्यांचाच बंद. लोक माझ्याकडे रिकामे सिलिंडर मागायला यायचे. दिले. माझा फोरमन तेव्हा नेहरूनगरच्या जम्बो रुग्णालयात नऊ दिवस ऑक्सिजनवर होता. कटिंगचा टॉर्च थंड पडल्याचं दुःख करायची लाज वाटायची.

निर्बंध उठल्यावर शेड्यूल वाढलं. तेव्हा चिपची टंचाई होती; चाकणच्या गाडी कंपन्यांना चिप पोचली की गाड्या वाढायच्या, गाड्या वाढल्या की माझे ब्रॅकेट. सगळ्यांचे लसीचे दोन डोस झाले होते. कर्ज काढून सीएनसी मशीन बुक केलंय, त्यामुळे मला कुणी भित्रा म्हणू नये. पण त्याच वर्षीच्या जानेवारीतली एक गोष्ट सांगतो.

ओमायक्रॉनची लाट होती. हेल्पर सकाळी आला तो डोळे लाल, अंग तापलेलं. म्हटलं, "अरे, ताप असताना आलास कशाला?"

"साहेब, खाडा पडला असता."

कुदळवाडीत एका खोलीत ते सहा जण राहतात. आठवड्यात माझी पाच माणसं आडवी झाली. माल उशिरा गेला आणि गिऱ्हाइकाची डेबिट नोट आली. हेल्परला घरी बसवून मी तीन दिवसांचे पैसे दिले असते तर पंधराशे रुपये गेले असते. डेबिट नोटेचा आकडा बायकोलाही सांगितलेला नाही.

ईएसआयमधून, म्हणजे कामगार विम्यातून, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. पण सहसा आजाराचे पहिले दोन दिवस धरत नाहीत. नेमके हेच दोन दिवस माणसानं घरी राहायला हवं. आणि आज या ठेकेदाराकडे, उद्या त्या, अशा पोरांचे वर्गणीचे दिवस भरतात कुठे? मोठ्या कंपन्यांच्या गेटवर कपाळाला तापाची बंदूक लावायचे, तेव्हा म्हाळुंगे-निघोज्याकडून येणारी पोरं बसमध्येच पॅरासिटामॉल गिळून उतरायची. बंदुकीला ताप दिसला तर परत पाठवणार, पगार कोण देणार? मग ताप लपवायचा. दोन वर्षं आपण सॅनिटायझरवर पैसे ओतले, आणि साथ आत आली ती हजेरीच्या रजिस्टरातून.

म्हणून फेब्रुवारीपासून मी नियम केला: ताप आला तर दोन दिवस भरपगारी, डॉक्टरांची चिठ्ठी नको. शेजारचे शेडवाले हसले. गैरफायदा घेतील म्हणाले. घेतलाच. एक पोरगा ताप सांगून साखरपुड्याला गेला आणि स्टेटसला फोटोही त्यानंच ठेवले. त्याचे दोन दिवस मी धरले, वर साखरपुडा कुणाचा होता तेही विचारलं. मास्कची सक्ती गेली हे बरंच झालं. पण चाकणच्या कंपन्यांनी ठेकेदाराच्या आणि व्हेंडरच्या रेटमध्ये हे दोन दिवस धरावेत, एवढं माझं मागणं आहे. छोट्या व्हेंडरला ते एकट्यानं किती दिवस पेलणार? मला जमतंय ते अकराच माणसं आहेत म्हणून.

मशीन पुढच्या महिन्यात यायचंय. गुरुवारच्या सुट्टीत फोरमन पाया ओतून घेतोय. जिना चढताना अजून त्याला दम लागतो. रजिस्टरात आता तापाचा खाडा मांडत नाही, नुसतं 'ता' लिहितो. या आठवड्यात एकच 'ता' आहे. हेल्परचा आहे. काल त्यानं सकाळी सहालाच फोन केला होता.