थायरॉईडची गोळी आणि आपलं हृदय

मैत्रिणींनो, गेल्या दिवाळीतली गोष्ट. चकलीचं पीठ मळता मळता माझ्या मोठ्या जाऊबाई मध्येच भिंतीला टेकून बसल्या. "दम लागला गं," म्हणाल्या. मी विचारलं, "वहिनी, थायरॉईडची गोळी चालू आहे ना?" तर म्हणतात कशा, "आठ महिने झाले बंद करून. वजन काही उतरेना, मग रोज उपाशीपोटी गिळायची कशाला?"

आपल्यापैकी पुष्कळजणींचा हाच समज असतो. थायरॉईड म्हणजे वजन, केस गळणं आणि पाळीच्या तक्रारी. हृदयाचा त्याच्याशी काही संबंध असेल, हे आपल्या गावीही नसतं.

गळ्यातली ही छोटी ग्रंथी मंदावली की यकृत रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, नेहमीसारखं उचलून घेत नाही. ते रक्तात साठत जातं. रक्तवाहिन्या ताठर होतात, रक्तदाबाचा खालचा आकडा वर सरकतो. शिवाय काहीजणींच्या रक्तात दाहाची खूणही सापडते. बोटात काटा रुतला की ते लाल होतं, ठसठसतं ना? तसाच बारीक दाह रक्तवाहिन्यांच्या आतही होतो. फक्त तो दुखत नाही. अशा वेळी यकृतात तयार होणारं सीआरपी नावाचं प्रथिन वाढतं. त्याची 'एचएस-सीआरपी' ही तपासणी असते. एका लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर धोका कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर जास्त, असा ढोबळ हिशेब.

वहिनींचा आकडा ४.२ आला आणि घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. डॉक्टरांनी मात्र पहिला प्रश्न विचारला, "सर्दी-खोकला होता का?" होता! साधा ताप, सुजलेली हिरडी, सुटलेलं पोट, यांनीही हा आकडा चढतो. १० च्या वर गेला तर आधी जंतुसंसर्ग शोधतात. बरं वाटल्यावर पुन्हा तपासलं, तर २.६ निघाला. तेव्हा एका कागदावरून घाबरून जाऊ नका.

खरी काळजीची बाब वेगळीच होती. टीएसएच १८ आणि एलडीएल १७८! टीएसएच १० च्या पुढे असेल तर हृदयविकाराचा धोका वाढतो, हे अनेक देशांतल्या रुग्णांच्या एकत्रित अभ्यासातून २०१० साली दिसून आलं. आणि गोळी घेतली की सीआरपी उतरेलच असं नाही, बरं का. सौम्य थायरॉईड असलेल्या बायकांच्या २००३ सालच्या एका स्विस अभ्यासात तो आकडा गोळीने फारसा हलला नव्हता. म्हणून लक्ष ठेवायचं ते टीएसएच, कोलेस्टेरॉल, साखर आणि रक्तदाबावर.

गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्या. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर मध्ये चार तास जाऊ द्या. मात्रा बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा. मनाने गोळी बंद करू नका, तशीच वाढवूही नका. जास्त झाली तर छातीत धडधडतं, हाडंही ठिसूळ होतात.

आणखी एक. दम लागणं, थकवा, जबड्यात किंवा पाठीत दुखणं हे "थायरॉईडचंच असेल" म्हणून अंगावर काढू नका. बायकांचा हृदयविकार पुष्कळदा असाच गुपचूप येतो. असं काही अचानक जाणवलं तर स्वयंपाक टाकून दवाखाना गाठा.

वहिनींचं एलडीएल आता १३० वर आलंय. वजन फक्त दोन किलो उतरलं. पण यंदा चकल्या त्यांनीच पाडायच्या, असं आत्ताच बजावून ठेवलंय त्यांनी मला!