आधी वाळूचा नकाशा, मग वसाहत

‘वाळू नदीत उघडी दिसते, तिचा नकाशा कसला काढायचा?’ हा सवाल आपल्याकडे शहाणपणाचा समजला जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या दीपक कुमार निकालानंतर, पुढे २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेने, वाळूउपशाआधी जिल्हा सर्वेक्षण अहवाल सक्तीचा झाला. पण वाळूचा हिशेब अजून मुख्यतः नदीपात्रातल्या घाटांपुरताच चालतो. पात्र बदलत गेलेल्या नदीने काठच्या शेतांखाली जे पुरून ठेवले, ते बेहिशेबीच राहते. नकाशा हवा तो त्याचा.

बहुतेक महाराष्ट्र काळ्या पाषाणावर बसला आहे. तिथे असा नकाशा ‘इथे काही नाही’ एवढेच सांगेल. तापी-पूर्णेच्या खोऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे गाळ खोलवर आहे. बोअर घेताना आधी माती लागते, मग वाळू-गोट्यांचा थर, त्याखाली पुन्हा चिकणमाती.

यावर एक आक्षेप मात्र वजनदार आहे: हाच थर पाणी धरतो, तो उपसला तर विहिरी आटतील. अगदी खरे. पण म्हणून नकाशाच नको, हे तर्कट झाले. थर किती जाड, त्यावर माती किती, वाळूत चिकणमाती किती, पाण्याची पातळी कुठे, हे ठाऊक नसेल तर कोणत्या थराला हात लावायचा नाही हे ठरवणार कशाच्या आधारावर? नकाशा म्हणजे उपशाचा परवाना नव्हे. कित्येक ठिकाणी तो उपशाला नकारच देईल, आणि तो नकार पुराव्यानिशी असेल.

‘नकाशा वाळूमाफियांच्या हाती पडेल’ म्हणणाऱ्यांनी निर्धास्त राहावे. वाळू कुठे आहे हे त्यांना पाठ असते. ठाऊक नसते ते आराखडा करणाऱ्यांना. राहिली कृत्रिम वाळू. ती जरूर वापरावी, पण तिच्यासाठीही डोंगर फोडावाच लागतो. कोणता, हाही प्रश्न नकाशाचाच.

कॅलिफोर्नियात वाढती शहरे खडी-वाळूच्या साठ्यांवर पसरू लागली, तेव्हा १९७५ च्या कायद्याने अशा जमिनींचे भूगर्भाच्या आधारे वर्गीकरण सुरू झाले. वर आज काय उभे आहे, हे त्यात पाहायचे नाही. स्थानिक आराखड्याने मात्र या वर्गीकरणाची दखल घ्यायची.

आपल्याकडे सुरुवात जळगावपासून करावी. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या बोअर-विहिरींच्या नोंदी एकत्र कराव्यात, उणीव असेल तिथे नवे बोअर घ्यावेत. हा नकाशा हाती येईपर्यंत तापीकाठची शेतजमीन निवासी पट्ट्यात घालू नये; वर घरे उभी राहिली की खालची वाळू हातची गेली.